मुंबईची ओढ: गिरणी, खानावळ आणि गावाकडची परतवाट

#थ्रेड #गिरणगाव #मुंबईचाइतिहास

१/२५
१८६४ साली मुंबई शहराची शिरगणती झाली, तेव्हा लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८७२च्या जनगणनेत तोच आकडा ६,४४,४०५ वर आला. आठ वर्षांत एक लाख बहात्तर हजार माणसे कमी झाली. या काळात शहरावर शत्रू चालून आला नव्हता की भूकंप झाला नव्हता. मग ही माणसे गेली कुठे? या प्रश्नाच्या उत्तरातच मुंबईने पुढची शंभर वर्षे माणसे कशी ओढून घेतली, याचेही उत्तर दडलेले आहे.

२/२५
१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिथून होणारा कापसाचा पुरवठा तुटला. भारतीय कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैसा अक्षरशः वाहू लागला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांचा सट्टा रंगला, गोद्यांत आणि बांधकामांवर हजारो हात लागले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या. कामासाठी आलेली माणसे आली त्याच वाटेने परतली. १८६४चा आकडा हा त्या तेजीच्या शिखरावरचा आकडा होता.

३/२५
‘मुंबईत काम मिळते म्हणून लोक मुंबईत आले’ हे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. काम बेभरवशाचे होते, निवारा नव्हता, पहिला पगार हाती यायला दीड महिना लागे. तरीही माणसे येत राहिली, कारण त्यांच्या मागे परतीची वाट उघडी होती आणि पुढे गावचीच माणसे उभी होती. हा धागा या दोन आधारांविषयी आहे.

४/२५
कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली. १८५६ साली ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली होती. १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून लोहमार्ग वर चढला, त्यामुळे वऱ्हाड-खानदेशचा कापूस थेट बंदरावर येऊ लागला. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला. मुंबईचे सूत चीनच्या बाजारात खपू लागले आणि भायखळा, लालबाग, परळ या भागांत धुराडी उभी राहिली.

५/२५
या धुराड्यांखाली राबणारा माणूस मुंबईचा नव्हता. १९२१च्या जनगणनेत शहरातल्या दर सहा रहिवाशांमागे जेमतेम एकाचा जन्म मुंबईत झालेला होता. सर्वांत मोठा लोंढा रत्नागिरी जिल्ह्याचा. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या एकाच जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून अधिक लोक मुंबईत होते. त्यांच्याबरोबर सातारा, पुणे, अहमदनगरचे ‘घाटी’, गोव्याचे खलाशी व आचारी, उत्तर हिंदुस्थानातले विणकर, कामाठीपुऱ्यातले तेलुगू कारागीर, कच्छ-काठेवाडचे व्यापारी आणि मजूर.

६/२५
रत्नागिरीच का? कोकणात पाऊस भरपूर, पण भाताची जमीन थोडी, डोंगरउतारावर नाचणी-वरी. वाटण्या होत होत शेताचे तुकडे इतके लहान झाले की एका कुटुंबाला वर्षभर पुरेल एवढे धान्य निघेना. त्यावर खोतीचा भार. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीदार. उत्पन्नातला वाटा धान्याच्या रूपाने त्याच्या घरी जाई आणि वेठही करावी लागे. शेतात चार महिने काम. उरलेल्या आठ महिन्यांत हाताला काम नाही आणि सरकारी देण्यासाठी, लग्नकार्यासाठी रोख पैसा नाही.

७/२५
शिवाय मुंबई समुद्रमार्गाने जवळ होती. सह्याद्री ओलांडून घाटावर जाण्यापेक्षा बंदरावर जाऊन आगबोट पकडणे सोपे. १८४१ साली लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ रसूल यांनी बांधलेला धक्का ‘भाऊचा धक्का’ म्हणून कोकणच्या घराघरांत ठाऊक झाला. पावसाळ्यात हा प्रवास जिवावरचा असे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, त्यात सहाशेहून अधिक माणसे गेली. तरी वाहतूक थांबली नाही.

८/२५
दारिद्र्य माणसाला गाव सोडायला लावते. कुठे जायचे, कोणाच्या दारात उभे राहायचे, हे ते सांगत नाही. आसामच्या चहामळ्यांसाठी दलाल गावोगाव फिरून, करारनाम्यांवर अंगठे घेऊन मजूर नेत. मुंबईच्या गिरणीमालकांना तसे दलाल गावोगाव पाठवावे लागले नाहीत. त्यांच्या दारात माणसे आपण होऊन उभी राहत. ती उभी करण्याचे काम आधी आलेल्या माणसांनी केले होते.

९/२५
कामगारभरतीची किल्ली जॉबरच्या हाती होती. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. स्त्रियांच्या खात्यावर ‘नायकीण’. पहाटे भोंगा झाला की गिरणीच्या फाटकाशी बदली कामगारांची गर्दी होई. आज कोण गैरहजर आहे, त्याच्या जागी कोणाला घ्यायचे, हे जॉबर ठरवी. तो आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या चाळीतला माणूस आधी घेई. त्यासाठी दस्तुरी घेई, प्रसंगी कर्जही देई. त्याची सत्ता जुलमी होती, पण नवख्या माणसाला ओळखीची अशी तेवढीच एक खिडकी होती.

१०/२५
काम लागले तरी पोटाचा प्रश्न लगेच सुटत नसे. गिरण्यांत पगार महिन्याने होई आणि तोही पुढच्या महिन्यात दोनेक आठवडे उलटल्यावर. म्हणजे कामावर लागल्यापासून सुमारे सहा आठवडे हातात दमडी नाही. या सहा आठवड्यांत जेवू कोण घालणार? झोपायला जागा कोण देणार? वाणी उधारी कोणाच्या शब्दावर देणार? शहरात टिकणे आणि न टिकणे यांतला फरक या प्रश्नांच्या उत्तरावर ठरत असे.

११/२५
पहिले उत्तर होते खानावळ. गिरणगावातली खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हते. चाळीतल्या एखाद्या बाईच्या खोलीत चुलीभोवती दहा-वीस माणसे दोन वेळ जेवत आणि महिन्याचा हिशेब पगाराच्या दिवशी चुकवत. त्या बाया बहुधा गिरणी कामगारांच्या घरच्याच, काही विधवा, काहींच्या नवऱ्याची नोकरी सुटलेली. वाण्याची उधारी त्या आपल्या अंगावर घेत, म्हणून नव्या माणसाचे पहिले दीड महिने निघत. या कष्टांना संघटनेचे रूप फार उशिरा आले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले.

१२/२५
दुसरे उत्तर होते गावचा गाळा. एखाद्या गावची माणसे वर्गणी काढून चाळीत एक खोली भाड्याने घेत. तिच्यात भिंतीशी ट्रंका रचलेल्या, दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्या. पाळ्या सुरू झाल्यावर एक कामावर जाई तेव्हा दुसरा त्याच जागेवर पथारी टाकी. गोव्याच्या माणसांनी हीच रीत आपल्या ‘कूडां’मध्ये पाळली. धोबीतलाव परिसरात गावागावांचे कूड होते. बोटीवरून उतरलेला किंवा बोटीची वाट पाहणारा खलाशी तिथे नाममात्र पैशांत राहू शके.

१३/२५
घरे मात्र शहराने फार थोडी बांधली. खाजगी मालकांच्या चाळी होत्याच. प्लेगनंतर १८९८ साली नगरसुधार न्यास स्थापन झाला. गलिच्छ वस्त्या पाडणे आणि नव्या चाळी बांधणे ही त्याची कामे. १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे ‘बीडीडी’ चाळी उभारल्या. चार मजल्यांच्या इमारतीत ऐंशी खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतले बहुसंख्य लोक एका खोलीच्या बिऱ्हाडातच राहत होते.

१४/२५
अशा शहराची भूल कोणाला का पडावी? पहिले कारण रोख पैसा. गावात मजुरीचे पायलीभर भात मिळे, इथे महिन्याला नाणी मिळत आणि ती कशी खर्चायची हे मिळवणारा ठरवी. दुसरे कारण, मालक आणि सावकार यांची नजर फाटकापर्यंतच पोहोचे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची साप्ताहिक सुटी मिळवली. ‘आपला दिवस’ ही कल्पना खोताच्या कुळाला ठाऊक नव्हती.

१५/२५
त्या मोकळ्या वेळात गिरणगाव उभे राहिले. तालमी, भजनी मंडळे, तमाशाचे फड, कोकणातून आलेले दशावतार, नाटके. १९११ साली ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगार स्वतः नाटके बसवू लागले. गणेश गल्लीत १९२८ साली आणि लालबागच्या बाजारात १९३४ साली सुरू झालेले सार्वजनिक गणेशोत्सव याच वस्तीचे. दिवसभर यंत्रापुढे उभा राहणारा माणूस संध्याकाळी नट, पैलवान, भजनीबुवा किंवा वक्ता होऊ शकत होता.

१६/२५
ही मोकळीक सर्वांना सारखी मिळाली नाही. गावात जे शिवाशिवीचे नियम होते, ते गिरणीच्या फाटकातून आत आले. विणाईखात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना मज्जाव होता. धोट्याच्या छिद्रातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्यांच्या तोंडचा धोटा इतरांना चालत नसे. त्यांना कमी पगाराच्या खात्यांत राबावे लागे. १९२८च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला.

१७/२५
आणि तरीही याच शहराने दुसरे दार उघडले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांच्या वडिलांनी कुटुंब मुंबईला आणले आणि परळच्या चाळीत बिऱ्हाड केले, म्हणून मुलाला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकता आले. पुढे सुमारे दोन दशके आंबेडकरांचा संसार परळच्या नगरसुधार न्यासाच्या चाळीतच होता. १९३७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि पुढच्या वर्षी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर आणला. ज्या व्यवस्थेने माणसे गावातून बाहेर ढकलली, तिच्यावर घाव मुंबईतून पडला.

१८/२५
या स्थलांतराची किंमत घरातल्या बाईने मोजली. १९११ ते १९३१ या काळात मुंबईत दर हजार पुरुषांमागे सहाशेहूनही कमी स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईत ‘चाकरमानी’; बायको गावी शेत, गुरे, सासू-सासरे आणि मुले सांभाळणार. गणपतीला आणि शिमग्याला तो येई, तेवढीच भेट. वाटेगावहून पायी मुंबईत आलेल्या आणि गिरणीतही राबलेल्या अण्णाभाऊ साठे यांची सर्वांत गाजलेली छक्कड गावी राहिलेल्या पत्नीच्या विरहाची आहे, हा योगायोग नव्हे.

१९/२५
मनिऑर्डर हा या नात्याचा दृश्य धागा. पोस्टमनची वाट पाहणारी घरे कोकणात गावोगाव होती. पण उलट दिशेने गावही मुंबईला काही देत होते. कामगाराचे बालपण गावाने पोसले. त्याच्या बायकोचे बाळंतपण गावी झाले. आजारी पडला की तो गावी गेला, म्हातारा झाला की गावी गेला, संपावर गेला की गावी गेला. गिरणीमालकाला ना पूर्ण कुटुंबाच्या गरजेइतका पगार द्यावा लागला, ना घर, ना आजारपणाची तरतूद. मुंबईच्या स्वस्त मजुरीचा मोठा हिस्सा कोकणातल्या आणि देशावरच्या शेताने उचलला होता.

२०/२५
परतीची ही वाट कामगाराचे हत्यारही होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. गिरण्यांतली यंत्रे माणसांवाचून थांबू लागली. जे मागे राहिले, त्यांनी रोजच्या रोज पगार मागितला आणि तो मिळाला. गिरण्यांचे हस्तक रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून मजुरांसाठी एकमेकांवर बोली चढवत होते. शहराला माणसाची गरज किती आहे, हे माणूस निघून गेल्यावर कळले.

२१/२५
१९२८ साली हेच पुन्हा दिसले. सुमारे दीड लाख कामगारांचा संप जवळजवळ सहा महिने चालला. सहा महिने पगाराविना कोणते शहरी कुटुंब तगेल? संप लांबला तसे हजारो कामगार गावी गेले आणि पावसाळी शेतीला लागले. जे राहिले त्यांना चाळीतल्या वाण्याने आणि खानावळवाल्या बाईने सांभाळले. ‘कामगारांचे गावाशी असलेले नाते म्हणजे त्यांचे मागासलेपण’ असे मालक आणि अधिकारी नेहमी म्हणत. त्या नात्यानेच कामगाराला लढायला बळ दिले.

२२/२५
स्वातंत्र्यानंतर चित्र बदलू लागले. १९४९च्या कायद्याने कोकणातली खोती रद्द झाली. कामाचे तास आठांवर आले, नोकरीत थोडी शाश्वती आली. बायका-मुले मुंबईला येऊ लागली. मुले चाळीत जन्मली, महापालिकेच्या शाळांत शिकली. त्यांना गावची वाट गणपतीपुरती ठाऊक होती; भाताची लावणी करणे त्यांना जमले नसते. तिकडे भावकीच्या वाटण्यांत शेत आणखी आकसले होते. शहरातली मुळे जसजशी खोल गेली, तसतशी परतवाट अरुंद झाली.

२३/२५
१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. याही वेळी अनेकांनी गाव गाठले. पण १९२८ साली मालकांना गिरणी पुन्हा सुरू व्हायला हवी होती. १९८२ साली जुन्या यंत्रांपेक्षा गिरणीखालची जमीन अधिक मोलाची ठरत चालली होती. ज्याची कोणाला निकड उरली नाही, त्या श्रमाचा संप कितीही लांबला तरी कोणाचे अडत नाही. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले गेलेच नाही. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली ती १९९८ साली. तोवर गिरणगावातले बहुतेक भोंगे थांबले होते.

२४/२५
सुमारे सहाशे एकर गिरणीजमिनीवर पुढे मॉल, कार्यालये आणि मनोरे आले. ते बांधायलाही माणसे बाहेरूनच आली. या वेळी बहुतांशी उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, बंगालमधून. रीत तीच. आधी आलेल्या गाववाल्याचा फोन, मुकादमाची ओळख, एका खोलीत दहा माणसे, सामायिक जेवण, सणाला घर. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, काम थांबले, आणि नाशिकच्या महामार्गावरून माणसे चालत निघाली. त्याच वर्षी कोकणात गणपतीला निघालेल्या चाकरमान्यांना मात्र विलगीकरणाच्या अटींमुळे गावाच्या वेशीवर अडखळावे लागले. परतवाट सर्वांसाठी सारखी उघडी नसते, हे दोन्हीकडे दिसले.

२५/२५
वाढत्या शहराचा इतिहास बहुधा त्याने किती रोजगार दिला या आकड्यांत लिहिला जातो. मुंबईच्या आकड्यांत गाळ्याची वर्गणी, खानावळीची उधारी आणि गावी राहिलेल्या बाईची लावणी कुठेच धरलेली नाही. १८७२च्या जनगणनेत जी माणसे ‘कमी’ झाली, ती नाहीशी झाली नव्हती. शहराला गरज नव्हती तेवढा काळ त्यांच्यातल्या कितीतरी जणांना गाव सांभाळत होते. आज शहरात येणाऱ्या नव्या माणसाविषयी बोलताना एक प्रश्न विचारायला हवा: त्याचे काम सुटले, तर त्याला सांभाळणार कोण?

(समाप्त)